आजी नेमकं काय म्हणाल्या?

ताई, नमस्कार.

मी २३ वर्षांची, सिडकोत राहते. गेल्या वर्षी एमएसडब्ल्यू झालं. दोन महिन्यांपासून एका संस्थेच्या नाशिक ऑफिसात इंटर्न आहे. परदेशातून स्वयंसेवक येतात, आपल्याकडच्या मुलामुलींसोबत पेठ तालुक्यातल्या पाड्यांवर दहा-बारा आठवडे राहतात आणि पाणी, आरोग्य, शाळा अशा विषयांवर काम करतात, असा संस्थेचा कार्यक्रम आहे. माझं पद ‘प्रोग्रॅम सपोर्ट’. मुदत सहा महिने, स्टायपेंड ७,००० रुपये. त्यातले दोनेक हजार बसभाडं आणि मोबाइलमध्येच जातात.

काम म्हणाल तर पाहुण्यांना नाशिकरोड स्टेशनवर घ्यायला जाणं, पासपोर्टच्या झेरॉक्स, गाद्या-मच्छरदाण्या, हजेरीची एक्सेल, आणि गावात गेलं की दुभाषी. बाबा म्हणतात, ‘एवढं शिकून फुकटची हमाली करतेस, त्यापेक्षा बँकेच्या परीक्षा दे.’ मैत्रीण म्हणते, सोडू नकोस, यूएनमध्ये जायचा रस्ता इथूनच जातो. आमच्याकडचे पाहुणे तिकडे फी भरून आलेत, तरी कौतुक त्यांचंच. गावात हार त्यांना, फोटोत ते. मागच्या आठवड्यात तर बैठकीत एका आजींनी विचारलं, ‘गेल्या पावसाळ्यात पण तुमची माणसं आली होती. विहिरीचं लिहून नेलं. त्याचं काय झालं?’ मी पाहुण्यांना सांगितलं, त्या म्हणतात, तुम्ही आलात, खूप आनंद झाला. दुसरं काय सांगणार? असो.

सोडू की टिकून राहू?

– गोंधळलेली, सिडको

*

अगं,

तुझं मूळ पत्र चार पानांचं आहे, इथे कापून दिलंय. त्यात बाबांना एक पान, स्टायपेंडला जवळजवळ दीड, मैत्रिणीला अर्धं. आजींना पाच ओळी, आणि त्याही ‘असो’ म्हणून गुंडाळलेल्या. मी तिथूनच सुरू करणार. पैशांचंही बोलू, पण नंतर.

तू केलंस ते मीही केलंय, म्हणून लगेच ओळखलं. १९९७ सालची गोष्ट. तुझ्याच वयाची होते, सुरगाणा तालुक्यात काम करत होते. संस्थेचं नाव नको. परदेशी देणगीदारांची जीप आली, सोबत मी दुभाषी. आदल्या वर्षी त्यांच्या पैशांतून बसवलेला हापसा त्यांना बघायचा होता. हापसा होता, त्याचा दांडाही होता आणि दांड्याला एक काळी शेळी बांधलेली होती. बायकांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, होळीनंतर याचं पाणी खाली जातं, मग हा शेळी बांधायच्याच कामाचा. आम्ही तर खालच्या झऱ्यावर जातो. विचारलं असतं तर तिथंच टाकी बांधा म्हटलं असतं.

मी पाहुण्यांकडे वळले आणि म्हटलं, ‘पावसाळ्यात याचा फार उपयोग होतो, असं त्या म्हणताहेत.’

बघ, खोटं एक अक्षरही नव्हतं! कुणीतरी शेळी सोडून पलीकडे नेली, हापशापाशी फोटो निघाला. पुढच्या वर्षी शेजारच्या दोन पाड्यांवर तसेच दोन हापसे आले. त्या दोन हापशांना कारण मी होते, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. तोवर ‘आपण साधे दुभाषी, आपल्या हातात काय’ हेच डोक्यात होतं.

आपण असं का करतो, हे वेगळं सांगायला नको. आलेल्या माणसाला पाणी-चहा विचारायच्या आधी गाऱ्हाणं कसं सांगायचं, हे आपल्या अंगात मुरलेलं असतं. वर ऑफिसातला कुणीतरी मागे उभा असतो. पण एक गोष्ट बघ. त्या पाड्यावरच्या बायकांना पाहुण्यांची भाषा येत नाही, पाहुण्यांना त्यांची येत नाही, आणि तुमच्या कोऑर्डिनेटरसमोर येतो तो पाहुण्यांनी लिहिलेला रिपोर्ट. म्हणजे पाड्यावरून ऑफिसात जे काही जातं ते तुझ्या तोंडून जातं. गादी-मच्छरदाणी कुणीही बघेल. हे दुसरं कुणी करत नाहीये. आजींचा प्रश्न या क्षणी जगात फक्त दोघींना माहीत आहे, त्यांना आणि तुला.

तेव्हा आधी ते निस्तर. कोऑर्डिनेटरला आज-उद्याच मेल टाक, लांबण न लावता. अमुक तारखेच्या बैठकीत एका आजींनी गेल्या वर्षीच्या विहिरीबद्दल विचारलं, मी ते पाहुण्यांना नीट सांगितलं नाही, चूक माझी. गेल्या वर्षी काय लिहून नेलं होतं आणि त्याचं पुढे काय झालं, हे मला द्याल का, म्हणजे पुढच्या फेरीत गावाला उत्तर देता येईल. बस, एवढंच. पाहुण्यांनाही सांग. ती विशीतली मुलं आहेत, रागावणार नाहीत. उलट आपल्याला ‘आनंद झाला’ यापलीकडचं काही ऐकू येत नाही, हे त्यांनाही खटकत असेल. विहीर झाली नसेल, होणारही नसेल, तरी ‘होणार नाही’ हे गावाला सांगावं लागतं. त्या उत्तराचा राग एक दिवस टिकतो. उत्तरच न देण्याचा दरवर्षी नव्याने येतो.

कोऑर्डिनेटर ‘जाऊ दे गं, दरवेळी म्हणतात त्या’ म्हणाले, तर सोडायचं की टिकायचं याचं उत्तर तुला तिथेच मिळालं. मला पुन्हा लिहू नकोस, राजीनामा लिही.

पण माझा अंदाज, असं होणार नाही. मग पुढच्या बैठकीपासून काही सवयी लावून घे. सुरुवातीलाच दोन्हीकडे सांगून टाक, ‘इथे जे बोललं जाईल ते सगळं मी तिकडे सांगणार आहे, गोड-कडू दोन्ही.’ दोन-तीन वाक्यांवर थांबव आणि तेवढंच सांग. पाच मिनिटांचं बोलणं ऐकून ‘त्या पाण्याबद्दल बोलताहेत’ असं म्हणू नकोस. ‘त्या म्हणतात की’ यापेक्षा त्यांच्या तोंडचंच बोल, ‘मी’ म्हणून. सुरुवातीला जीभ अडखळेल, पण तिखट काढून टाकणं मग जड जातं. आणि जे कळलं नाही ते पुन्हा विचार. तू सिडकोतली, तिथल्या बायका आपसांत कोकणा बोली बोलतात, ती तुला पूर्ण कळत असेल असं मला वाटत नाही. पंचवीस वर्षांनंतर मलाही म्हाताऱ्या माणसांचं सगळं कळत नाही. अंगणवाडीच्या ताईंना शेजारी बसवून घे, आशा ताईंना हाक मार. घरी येताना सावळघाटात बस डुलत असते तेव्हा डुलकी न काढता दिवसभरात ऐकलेले पाच शब्द वहीत टिपून ठेव. सहा महिन्यांनी ती वही तुझ्या सर्टिफिकेटपेक्षा जाड झालेली असेल.

आता झेरॉक्सचं. ते काम हलकं समजतेस, म्हणून सांगते. परदेशी माणूस कुठे मुक्कामाला उतरला की २४ तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद करावी लागते. सगळे त्याला अजून सी फॉर्मच म्हणतात. हॉटेलला लागू, तसंच पाहुणा ठेवून घेणाऱ्या घरालाही. एकदा एक पाहुणी शुक्रवारी रात्री आली आणि मी ‘सोमवारी बघू’ म्हटलं. सोमवारी पोलीस ठाण्यातल्या बाकावर अडीच तास बसले, आणि जिच्या घरी पाहुणी उतरली होती ती बाई माझ्या शेजारी, पदर डोक्यावर घेऊन, एक शब्द न बोलता. तिची काही चूक नव्हती. त्या दिवसापासून पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत मी स्टेशनच्या बाहेर पडायच्या आत घेत आले.

आणि प्रती काढतेस तर वाचतही जा. पर्यटक व्हिसावर बिनमोबदला स्वयंसेवा फार तर एक महिना चालते. तू म्हणतेस, तुमचे पाहुणे दहा-बारा आठवडे राहतात. मग त्यांचा व्हिसा कोणता आहे? बहुतेक योग्य तोच असेल, पण नसेल तर अडकणार तो यजमान घरातला माणूस आणि ज्याच्या सहीने कागद गेले तो. सही तुझी घेत असतील तर हे विचारायचा तुला पूर्ण हक्क आहे.

हजेरीच्या एक्सेलमध्ये एक रकाना वाढव, गावाचा. त्या महिन्यात पाड्यावर काय चाललेलं असतं ते लिही. परदेशी विद्यार्थ्यांना सुट्टी असते जून-जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणून बऱ्याच तुकड्या तेव्हा येतात. आणि आपल्याकडे नेमकी भाताची आवणी. कंबरेत वाकून चिखलात उभी असलेली बाई सकाळी अकराला तुमच्या ‘महिला आरोग्य सत्रा’ला कशी येणार? मग येतात म्हातारी माणसं आणि पोरं, आणि रिपोर्टात ‘अल्प प्रतिसाद’ पडतं. दिवाळी झाली की निम्मा पाडा दिंडोरी-निफाडला द्राक्षबागांत किंवा नाशिकमध्ये बांधकामावर खाली उतरतो. पुढे उन्हाळ्यात, इतका पाऊस झेललेल्या तालुक्यात, टँकरची वाट बघायची. हे कॅलेंडर गावात सगळ्यांना पाठ असतं, ऑफिसात कुणाच्याही भिंतीवर नसतं. तू करून दे. प्रोग्रॅम सपोर्ट म्हणतात तो हाच.

पाहुण्यांवरच्या रागाचं काय करायचं? थोडा राहू दे, बरोबर आहे. पैसे भरून आलेल्या मुलाला हार आणि पोती उचलणाऱ्या मुलीला ‘जरा चहाचं बघ’, हे मीही भरपूर पाहिलंय. पण सगळं त्यांच्या माथी मारू नकोस. ही परंपरा जुनी आहे. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये भूकंप झाला, तेव्हा स्वित्झर्लंडचे इंजिनिअर पिएर सेरेसोल मोजक्या साथीदारांना घेऊन आले आणि पडलेली गावं पुन्हा उभी करायच्या कामाला लागले. त्याआधी १९२० साली, पहिल्या महायुद्धात बेचिराख झालेल्या फ्रान्समधल्या एका गावात त्यांनी असंच शिबिर घेतलं होतं, तेही युद्धात एकमेकांसमोर असलेल्या देशांची माणसं एकत्र करून. त्यांच्यासाठीही बिहारच्या गावात कुणीतरी बोलणारं लागलंच असेल. तुझ्यासारखंच कुणीतरी.

आणि राग उफाळून आला की एक आठवून बघ. कॉलेजात एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात तू शोषखड्डे खणले असशील. आम्हीही खणले. त्या गावात नंतर गेलीस कधी? ते खड्डे आहेत की बुजले? मी तर गेले नाही. तेव्हा आपणही कुणाचे तरी पाहुणेच होतो.

आता पैसे. ७,००० मधून दोन हजार वजा, म्हणजे हातात पाच. हे कमी आहे आणि त्याला कमीच म्हणायचं. कारण तेवढं समजून घे. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांना २०१० चा एफसीआरए कायदा लागू आहे. २०२० मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि त्या निधीतून प्रशासकीय खर्चाला वापरता येणारा वाटा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आला. एका संस्थेने तो निधी दुसऱ्या संस्थेला पुढे देणंही बंद झालं. मोठीकडून घेऊन पाड्यावर काम करणाऱ्या छोट्या संस्थांचे त्यात हाल झाले. ऑफिसातली माणसं कमी झाली, कामं तेवढीच राहिली, आणि बऱ्याच ठिकाणी त्या रिकाम्या खुर्चीत इंटर्न येऊन बसला. तुमची संस्था अशीच आहे की नाही, मला माहीत नाही. संस्थांचे एफसीआरएचे वार्षिक हिशेब २०२२ पर्यंत सरकारी संकेतस्थळावर बघायला मिळायचे. आता तिचे हिशेब ऑफिसातच माग. एक संध्याकाळ काढून वाच. आपल्याच संस्थेचा ताळेबंद एकदाही न वाचलेले एमएसडब्ल्यू मला डझनाने भेटलेत.

मात्र संस्थेची ओढाताण तुझ्या बसभाड्यातून भरून निघत नाही. प्रवासखर्च स्टायपेंडच्या वर, तिकीट दाखवून, वेगळा माग. हे सोपं आहे, कारण गावचा प्रवास हा कार्यक्रमाचाच खर्च आहे, मांडायला जागा असते. मुक्कामाच्या दिवशी जेवण संस्थेचं. अपघात विमा आहे का, ते विचार. घाटातली बस आणि पावसाळा, हसण्यावारी नेऊ नकोस. कामाचं पत्र एका पानाचं, त्यात कामं, मुदत, सुट्ट्या आणि तू कुणाला उत्तर द्यायचं त्याचं नाव. आणि कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थीला, अगदी बिनपगारी स्वयंसेवकालाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती असावीच लागते. तिच्या सदस्यांची नावं भिंतीवर नसतील तर माग. पाड्यावर मुक्काम करणाऱ्या मुलीने हे विचारायला लाजू नये.

मैत्रिणीचं थोडक्यात. यूएनचा रस्ता पेठवरून जातो हे अगदीच खोटं नाही, पण ती समजते तसा सरळही नाही. न्यूयॉर्क-जिनिव्हाच्या सचिवालयातली इंटर्नशिप बिनपगारी असते, राहणं-खाणं आपल्या खिशातून. यूएन व्हॉलंटियर्स हा कार्यक्रम वेगळा. तो संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७० साली स्थापला, मुख्यालय जर्मनीत बॉनला. तिथे पगार नव्हे, निर्वाहभत्ता मिळतो. आपल्याच देशात काम करायच्या जागाही असतात, आणि घरबसल्या करायचं ऑनलाइन काम १८ वर्षांपुढच्या कुणालाही मागता येतं. तुझ्यासारखीने सुरुवात तिथून करावी, भाषांतराच्या कामापासून. अर्ज करताना ‘प्रोग्रॅम सपोर्ट, सहा महिने’ या ओळीला कुणी विचारत नाही. ‘एवढ्या पाड्यांवर, एवढ्या बैठकींत दुभाषी म्हणून काम, गावांच्या प्रलंबित प्रश्नांची यादी तयार केली’ याला विचारतात. निघताना शिफारसपत्र घेशील त्यातही असंच लिहून घे. आणि ‘परदेशी संधी’ म्हणून कुणी आधी पैसे भरायला सांगितले तर फोन ठेव.

बाबांना तू हट्टी म्हणतेस. मला ते हिशेबी वाटले, आणि त्यांचा हिशेब चुकीचाही नाही. त्यांना शेवटची तारीख सांगितली नाहीस तर त्यांना हे कायमचं वाटणारच. म्हणून तारीख सांग. माझं मत विचारशील तर सहा महिने पूर्ण कर, म्हणजे आणखी चार. सातव्या महिन्याला ‘अजून थोडे दिवस थांब’ म्हणाले तर पगारावर, नाहीतर नाही. बँकेच्या परीक्षेचा अभ्यास या चार महिन्यांत होईल असं बाबांना कबूल करू नकोस. आठवड्यातले तीन दिवस गावात असलेल्या मुलीचा तो होत नाही, आणि न झालेल्या अभ्यासावरून घरात जी भांडणं होतात ती फार वाईट असतात. नंतरचे सहा महिने त्यांच्या परीक्षांना दे, मनापासून. जमलं तर एकदा त्यांना सोबत ने. सुट्टीच्या दिवशी, करंजाळीच्या पुढे उतरून, त्या पाड्यापर्यंत. ‘हमाली’ कशी असते ते त्यांनी बघावं आणि मग म्हणायचं ते म्हणावं.

पण त्याआधी तू एकटी जा. दिवाळीच्या आत, पाडा रिकामा व्हायच्या आधी. विहिरीचं जे काही उत्तर ऑफिसातून मिळेल ते घेऊन, आणि नसेल मिळालं तर ‘विचारलंय, अजून कळवलं नाही’ एवढं तरी घेऊन. आणि आजींचं नाव विचारून घे. तुझ्या मूळ पत्रात तिन्ही पाहुण्यांची नावं आहेत, त्यांचं नाही.